पोथी कुठं ठेवायची

श्रावणात ऊन पडलं की लोकांना बरं वाटतं. कपडे वाळतात, गाद्या उन्हाला टाकता येतात. मला मात्र श्रावणातलं सलग ऊन बघवत नाही. इथे इटारसीला यंदा तसंच झालंय. आषाढात चार सरी येऊन गेल्या आणि नंतर आभाळ कुणी फडक्यानं पुसून घ्यावं तसं लख्ख. रेल्वे कॉलनीतले रस्ते पांढरे पडलेत. नळाला पाणी आहे, दुकानात धान्य आहे, कुणाचं काही अडलेलं नाही. तरी सकाळी खिडकी उघडली आणि समोर तो पिवळा, कोरडा उजेड दिसला की मला राहवत नाही. मी स्वयंपाकघरात जाते आणि उगीचच तांदळाच्या डब्यात हात घालून बघते. डबा भरलेला असतो. तरी बघते.

संध्याकाळी कॉलनीतल्या देवळात पाठ लागतो. लाउडस्पीकरवरून एका बाईचा आवाज येतो, हिंदीत, एकाच सुरात वर जाणारा आणि खाली येणारा. इतक्या वर्षांत हिंदी मला चांगली कळायला लागलीय, पण मी शब्द ऐकत नाही. मी तिचा श्वास ऐकते. ती कुठे थांबते, कुठे थांबत नाही, तिकडे माझं लक्ष असतं. तिला काय माहीत, की खाली तिसऱ्या गल्लीत एक म्हातारी होत चाललेली बाई भाजी निवडता निवडता थबकते आणि मनात म्हणते, बाई गं, इथं नको थांबूस, अजून थोडं पुढं जा.

बहात्तर सालचा श्रावण असाच होता. त्याच्या आदल्या वर्षीही पाऊस नव्हता. आमचं गाव पाथर्डीकडच्या डोंगरपट्ट्यातलं. तिकडं चांगल्या साली बाजरी गुडघ्याएवढी व्हायची, त्या साली पेरलीच नाही. वडील आणि आई धाकट्यांना घेऊन शेवगावकडं रस्त्याच्या कामावर गेले आणि मला मामाकडं पोचवलं. सातवीत होते. शाळा सुटली असं आम्ही म्हणतो. खरं तर शाळा आपल्या जागेवरच होती, सुटले मी. मामाचं गाव श्रीगोंद्याकडं, काष्टीच्या थोडं अलीकडं. त्याच्या विहिरीला तळाशी अजून पाणी होतं एवढीच त्या गावाची श्रीमंती. एस्टीतून येताना काष्टीच्या बाजाराला चाललेली जनावरं दिसली. त्यांच्या बरगड्यांवर ऊन आणि सावली वेगवेगळी पडलेली. वडील खिडकीतून बाहेर बघत होते, मी त्यांच्याकडं. उतरताना ते एवढंच म्हणाले, "मामीच्या म्होरं म्होरं करू नको. आन् मागंबी ऱ्हाऊ नको." आता पुढं राहू की मागं, हे मला त्या सगळ्या मुक्कामात समजलं नाही. अजूनही कुणाच्या घरी गेले की मला समजत नाही.

मामी वाईट नव्हती. ती कुणाचंही ताट बघायची नाही. पण मीच तिची नजर बघत बसायची. रेशनवरच्या मिलोची, म्हणजे परदेशी ज्वारीची, लाल भाकरी घशाला खरवडत जायची, तरी ती तोडताना वाटायचं, हा तुकडा दुसऱ्या कुणाचा तर नाही? दिवसा आम्ही दोघी दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचो. माळावर बायकांच्या रांगा, प्रत्येकीपुढं दगडाचा ढीग, हातात हातोडी. दगडावर दगड घासला की एक जळका वास येतो. पाऊस न पडलेल्या जमिनीचा तोच वास असावा असं मला वाटायचं. दुपारी सुकडी, म्हणजे सरकारी मदतीचा कोरडा भुगा, मिळायची. बायका ती पदराच्या गाठीत बांधून घरी न्यायच्या, पोरांना. सगळ्या माळभर पदरांना गाठी.

गावात एक सार्वजनिक वाचनालय होतं. जुन्या चावडीची एक खोली, पुढं ओटा, आत तीन कपाटं आणि पेपर वाचायला एक लांब टेबल. ते बघायचे भाऊ शिंपी. शिवणकामाचं मशीनही त्यांनी त्याच ओट्यावर मांडलं होतं, म्हणजे गिऱ्हाईक आणि वाचक एकाच डोळ्यानं दिसायचे. त्या साली दोन्ही दिसेनासे झाले. नवे कपडे कोण शिवणार? आणि पेपर वाचणारी माणसं तर खडीवर. कमिटीतले म्हातारे म्हणाले, कुलूप लावा, पाऊस पडला की उघडू. भाऊ म्हणाले, पाऊस कुणाच्या हातात हाय? त्यांनी दुसरंच काढलं. सगळ्या गावासाठी एकच पुस्तक काढायचं, रोज संध्याकाळी ओट्यावर वाचायचं, ज्याला वाचता येतं त्यानं आणि ज्याला येत नाही त्यानंही सारखंच ऐकायचं. रॉकेल मिळत नव्हतं, म्हणून कामावरून माणसं परतल्यापासून उजेड असेतो वाचन. भाऊंनी त्याला चांगलं नावही दिलं होतं, 'ग्रामवाचन'. कोतवालाला बोलावून दवंडी द्यायला सांगितलं, की उद्यापासून वाचनालयात कादंबरीचं सामुदायिक वाचन आहे.

कोतवालाच्या तोंडात 'कादंबरी' बसेना. पहिल्या आळीत त्यानं कादंबरी म्हटलं, दुसऱ्या आळीत कदंबरी, आणि मारुतीपाशी येईतो तो वैतागला. मी मामीबरोबर पाण्याच्या रांगेत उभी होते, मला अजून त्याचा आवाज ऐकू येतो: "ऐका हो ऐका, उद्यापासनं वाचनालयात पोथी लागनार हाय. समद्यांनी यायचं हो."

श्रावण होता, पोथी लागणारच. कुणाला त्यात चुकलंसं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी भाऊ पुस्तक घेऊन बाहेर आले तर ओटा सारवलेला, त्यावर पाट, पाटाभोवती रांगोळीच्या जागी चुन्याची रेघ, आणि बायका देवळात जावं तशा हातपाय धुऊन आलेल्या. त्यातल्या बहुतेकजणी तो ओटा आयुष्यात पहिल्यांदा चढल्या होत्या. एकीनं भाऊंच्या हातातून पुस्तक घेऊन पाटावर ठेवलं आणि भाऊ आं म्हणायच्या आत त्यावर हळदकुंकू वाहिलं.

"अगं बाय, पुस्तक वाचनालयाचं हाय. देवाचं न्हाई," भाऊ कळवळून म्हणाले.

"आसंना का. आता बसलंय न्हवं पाटावर?"

पुस्तकाला कव्हर नव्हतं. नावाचं पान कधीच गेलं होतं, म्हणून पुठ्ठ्याची बांधणी केलेली. नाव कुणालाच माहीत नव्हतं. भाऊंनी चष्मा लावला आणि वाचायला लागले. नीट वाचत होते बिचारे, पण मागून एक म्हातारा म्हणाला, "आरं शिंप्या, तू पोथी वाचतूस का पेपर?" लोक हसले. भाऊ पुन्हा वाचायला लागले. पुन्हा कुणीतरी म्हणालं, ऐकू येत न्हाई, मनाला लागत न्हाई. तेव्हा मामीनं मला मागून ढोसलं. "आमच्या शांतीचा बाप पोथी सांगतो की. तिला येतंय."

मला पोथीच वाचता येत होती. वडिलांच्या शेजारी बसून मी ते ऐकलं होतं: ओळ कशी उचलायची, कुठे श्वास टाकायचा, शेवटचं अक्षर कसं लांबवायचं. दुसऱ्या कुठल्याही तऱ्हेनं मोठ्यानं वाचायचं मला ठाऊकच नव्हतं. म्हणून मी ती कादंबरी पोथीच्या चालीवर वाचली. गिरणगाव, खोली, मुकादम, चहाचं हॉटेल, सगळं त्याच चालीत. 'राजाराम हॉटेलात शिरला आणि त्याने एक कप चहा मागवला', हे मी असं वाचलं की पुढच्या रांगेतल्या एका बाईनं डोळे मिटून हात जोडले. भाऊंनी कपाळाला हात लावला. पण ओटा गप्प झाला होता आणि हे त्यांनाही दिसत होतं.

आज वाटतं, मला जर शाळेनं काही दिलं असेल तर त्याचा हिशेब त्या ओट्यावर झाला. मी ताटातल्या तुकड्याला भिणारी मुलगी, आणि गाव माझ्या तोंडाकडे बघत होतं. दुपारी खडीवर बायका म्हणायच्या, "शांते, आज कुठवर आणनार?" कुणी मला पाण्याच्या रांगेत पुढं घ्यायचं. भाऊंनी मला कपाटाच्या खोलीत बसायची मुभा दिली; शब्द अडला तर ते मशीन चालवता चालवता बाहेरून सांगायचे. त्या माणसाचे उपकार मी कशानं फेडणार? त्यांनी माझ्यावर कधी उपकार केल्यासारखं दाखवलंच नाही. ओरडायचे मात्र. "पान मुडपू नको. कुकवाचं बोट लावू नको. ह्या बायकांच्या नादानं पुस्तकाला शेंदूर फासायची पाळी येनार हाय."

एका प्रकरणात चांदण्याचं वर्णन होतं, पानंच्या पानं. मागचा म्हातारा शेवटी म्हणाला, "पोरी, चांदनं लई झालं. म्होरं सरक." दुसऱ्या एका ठिकाणी राजारामाची एका मुलीशी ओळख होते, गॅलरीत. ते मी पोथीच्या चालीत वाचत असताना मामीला एवढा खोकला लागला की वाचन थांबवावं लागलं. "वाच वाच," हौसाआक्का म्हणाली, "देवाधर्माच्या पोथीत तरी दुसरं काय अस्तंय?" तेव्हा ओटाभर जे हसू झालं ते त्या सबंध पावसाळ्यातलं मला आठवणारं एकुलतं एक मोठं हसू.

हौसाआक्का खडीवर आमच्याच रांगेत बसायची. उंच, काळी, खांद्याची हाडं वर आलेली. तिचा एकच मुलगा, निवृत्ती, दोन वर्षांपूर्वी बैल विकण्यावरनं भांडून घरातून गेला होता. ती म्हणाली होती, जा, तोंड दाखवू नको. आणि त्यानं ते ऐकलं. कुणी म्हणे पुण्याला दिसला, कुणी म्हणे भिवंडीला. कुणी म्हणे दिसला तो निवृत्ती नव्हताच. पुस्तकातला राजारामही आईवर रागावून शहरात गेलेला. पहिल्या काही दिवसांत आक्का नुसतीच ऐकायची. मग ती रोज पुढं पुढं सरकत आली आणि शेवटी पाटाला लागून बसू लागली.

पोथीला संकल्प असतो. वाचायला बसायच्या आधी मनात काहीतरी मागून ठेवायचं असतं आणि समाप्तीपर्यंत एखादा नियम पाळायचा असतो. पुस्तक पाटावर गेलं त्याच दिवशी आक्कानं पाटाखाली सुपारी ठेवली होती, हे आम्हाला मागाहून कळलं. समाप्तीच्या आत निवृत्ती दारात यावा, हा संकल्प. आणि नियम असा, की तोवर एकदाच जेवायचं. आधीच उपाशी असलेल्या गावात तिनं उपास धरला होता. लोकांच्या ध्यानात यायलाच वेळ लागला. दुपारची सुकडी ती पदरात बांधायची आणि शेजारच्या पोराला द्यायची. मामीनं एकदा तिला छेडलं.

"आक्का, त्यो राजाराम पुस्तकातला. तुमच्या निवरतीचा त्याच्याशी काय संबंद?"

"देवबी पोथीतलाच अस्तोय," आक्का म्हणाली आणि हातोडी उचलली.

मला एक सवय आहे. कॉलनीच्या वाचनालयात मराठी पुस्तकांचं एक कपाट आहे, तिथं उभ्यानंच मी आधी शेवटचं पान वाचते. ग्रंथपाल मुलगी हसते. म्हणते, आंटी, मज़ा चला जाता है. जाऊ दे गेली तर. मला मजेसाठी वाचायचं नसतं, मला आधी कळून घ्यायचं असतं की आत कुणाला काय होणार आहे. माझा मुलगा बंगलोरला असतो. रविवारी त्याचा फोन यायला उशीर झाला तर मी वाट बघत नाही, मी शेवटचं पान शोधते. ही सवय त्या कपाटाच्या खोलीत लागली. एक दिवस खडीचं काम लवकर सुटलं, मी आत बसून पुढचं वाचत गेले, आणि थांबताच आलं नाही. राजाराम मरतो. गिरणीत मशीनमध्ये सापडतो आणि सरकारी दवाखान्यात, ओळखीचं कुणी नसताना, पहाटे मरतो. आई गावातच. पुस्तक तिथेच संपतं.

मी भाऊंना सांगितलं. त्यांनी मशीनवरचा पाय काढला. पुस्तक त्यांनीही कधीकाळी वाचलं असणार, पण शेवट विसरले होते. पुष्कळ वाचणारी माणसं विसरतात. त्यांनी बाहेरच्या पिंपळाकडे बघितलं. त्याच्या पानांवर खडीची धूळ होती.

"दुसरं पुस्तक लावलं तर?" मी विचारलं.

"अर्धी पोथी उचलून देतील व्हय ह्या बाया?"

ते खरं होतं. मामीला कळलं तेव्हा तीही तेच म्हणाली. पोथी अर्धी टाकली तर घराला लागती. ही तर गावाची. बरं, शेवट बदलून वाचावा म्हटलं तर भाऊ तयार नव्हते. "लिवनाऱ्यानं लिवलंय. आपन त्यात हात घालायचा न्हाई. आज राजाराम जिता केला तर उद्या लोक माज्या कुठल्या पुस्तकावर विश्वास ठेवतील?" मग त्यांनीच तोड काढली. थोडं थोडं वाच. तवर पाऊस पडंल, लोक शेताला लागतील, वाचन आपोआप मागं पडंल.

मी थोडं थोडं वाचायला लागले. ओळी लांबवल्या, चांदण्याचं वर्णन दुसऱ्यांदा आलं तेव्हा म्हाताऱ्याला जुमानलं नाही. गणपती आले, गेले. पाऊस पडला नाही. आणि रोज संध्याकाळी पाटाजवळ हौसाआक्का, आदल्या दिवसापेक्षा बारीक. तिच्या हातातली पाटली कोपराकडे सरकायला लागली होती. मी जेवढा शेवट लांबवत होते तेवढा तिचा उपास लांबत होता, हे मला कुणी सांगायला नको होतं. एक दिवस ती खडीवर बसल्या जागी कलंडली. तोंडावर पाणी मारलं तर म्हणाली, पानी कशाला नासता. मग डोळे उघडून तिनं मला शोधलं.

"शांते, तू आलीकडं कमी वाचतीस."

"उजेड जातोय आक्का लवकर."

"उजेड हाय तेवडाच हाय," ती म्हणाली. "आटप माजी बाय. माज्यानं आता लई दिवस निभायचं न्हाई."

त्या संध्याकाळी मी भाऊंना म्हटलं, उद्या समाप्ती. ते नाही म्हणाले नाहीत. त्यांनी कोतवालाला दवंडी द्यायला पाठवलं, आणि ह्या खेपेला त्याला शब्द सांगितला तो पोथीचाच.

समाप्तीला गाव लोटलं. ओटा पुरला नाही, माणसं पिंपळाखाली उभी. प्रसादाला साखर कुठली. घराघरातून पदराच्या गाठी सुटल्या आणि परातीत सुकडी जमली, त्यावर कुणीतरी गुळाचा खडा कुस्करला. हौसाआक्का धुतलेलं लुगडं नेसून आली होती. ती पाटाकडे बघत नव्हती, रस्त्याकडे बघत होती. एस्टी येऊन गेली. तिच्यातून दोघं उतरले, ते दुसऱ्या कुणाच्या घरचे.

मी वाचलं. जसं लिहिलं होतं तसं. पोथीच्या चालीला एक बरं असतं, तिच्यात रडू शिरत नाही. शब्द आपले ओळीत चालत राहतात. मशीन, रक्त, दवाखान्याची खाट. पहाट झाली, गिरणीचा भोंगा वाजला, पाळीची माणसं आत गेली आणि राजारामाचा हात खाटेवरून खाली आला. पुढं कोरं पान होतं. मी पुस्तक मिटलं नाही, मिटायला हात होईना.

 कावळे तेवढे पिंपळावर जागेसाठी भांडत होते.

"म्होरं?" हौसाआक्का म्हणाली.

"संपलं, आक्का."

"संपलं कसं?" तिचा आवाज चढला नाही. हिशेबात चूक दाखवावी तसं ती म्हणाली. "मेल्यावर ठेवत्यात व्हय पोथी? बापानं शिकवलं न्हाई तुला? पान उलट."

शिकवलं होतं. पोथीत कुणाला मरण आलं, मूर्च्छा आली, वनवास आला, तर तिथं वाचन ठेवायचं नसतं. बत्तीतलं तेल संपलं तरी पुढं वाचायचं, तो उठेपर्यंत, घरी येईपर्यंत, निदान कुणी कुणाला पोटाशी धरेपर्यंत. मग थांबायचं. लिहिणाऱ्याला हे माहीत नसावं. मी कोरं पान उलटून तिला दाखवलं. तिला अक्षर येत नव्हतं, पण कोरं पान कुणालाही वाचता येतं.

मी भाऊंकडे बघितलं. ते मशीनला टेकून उभे होते. लिहिलेल्यात हात घालायचा नाही म्हणणारा माणूस; मला वाटलं आता ते म्हणतील, झालं, उठा. ते पुढं आले, वाकले, आणि माझ्या मांडीवरचं पुस्तक घेऊन त्यांनी मागून पुढं पानं सोडली, पार पहिल्या पानापर्यंत. "समाप्ती झाली की पयला अध्याय धरायचा अस्तोय," ते लोकांना म्हणाले, जणू हे सगळं आधीच ठरलेलं होतं. मग आत जाऊन कंदील घेऊन आले. तेवढं रॉकेल त्यांनी कशासाठी राखलं होतं कुणास ठाऊक.

पहिला अध्याय आम्ही भाऊंच्या तोंडून ऐकला होता, पेपरासारखा. त्यात काय होतं ते कुणाला धड आठवत नव्हतं. आता मी तो चालीवर धरला. राजाराम चार वर्षांचा. आईबरोबर बाजाराला गेलेला. गर्दीत हात सुटतो. आई सगळा बाजार पालथा घालते, कांदेवाल्यांत, भांडेवाल्यांत, जनावरांत, ज्याला त्याला विचारते. ऊन कलतं, बाजार उठायला लागतो. आणि एका सोडलेल्या बैलगाडीखाली, कडब्यावर, पोर झोपलेलं सापडतं. आई त्याला उठवत नाही. तशीच उचलते, खांद्यावर घेते.

"हां," हौसाआक्का म्हणाली. "हितं ठेव."

मी ठेवलं. तिनं पुढं होऊन पुस्तक स्वतःच्या हातानं मिटलं, त्यावर डोकं टेकवलं, आणि परातीतली चिमूटभर सुकडी तोंडात घातली. ती नीट गिळेपर्यंत सगळं गाव तिच्याकडे बघत उभं होतं.

निवृत्ती आला नाही. दसऱ्याला नाही, दिवाळीला नाही. पुढच्या साली पाऊस झाला, वडील मला घेऊन गेले, मग लग्न होऊन मी इतक्या लांब आले की मामाकडचं जाणं लग्नामर्तिकापुरतं उरलं. आता विचारायचं म्हटलं तर ज्यांना विचारावं अशी माणसं राहिली नाहीत. वाचनालयाची तिथं पक्की इमारत झालीय असं ऐकते. इथे उन्हाचे चटके सोसत श्रावण चाललाय, देवळातल्या बाईचा पाठ अजून संपलेला नाही, आणि मला समाप्तीपेक्षा जास्त आठवते ती तिच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ.

खडीवर आम्ही नेहमीसारख्या रांगेत बसलो होतो. मला आक्काकडे बघायचं धाडस होत नव्हतं. रात्रभर मला वाटत होतं, मी तिचं पोर मारलं. मी खाली बघून हातोडी चालवत राहिले. मग तिनं एक मोठा दगड पायाच्या अंगठ्यानं पुढं ओढला आणि मान वर न करता विचारलं,

"शांते, त्या बाईला मागाहून कळलं का गं? राजारामाच्या आईला. गेला म्हनून."

मी आठवून बघितलं. "तसं कुठं लिहिलेलं न्हाई, आक्का."

"कुनी सांगाया आलं, आसंबी न्हाई?"

"न्हाई."

तिनं दगड उलटा केला, हाताच्या तळव्यानं त्याची धूळ पुसली, कुठं मारायचं ते बघितलं.

"मग बरं हाय," ती म्हणाली. "म्हंजे तिच्या घरी त्यो अजून यायचाच हाय."